आमादोच्या गाडीतला उजेड

"आमादो, तू आलास का?" बंधू प्लासिदोने विचारलं, आणि आमच्या गॅरेजमध्ये दाटीवाटीने जमलेली चाळीस माणसं एकदम गप्प झाली.

गाडी बंद होती. किल्ली माझ्या आईच्या मुठीत होती, आणि ती मूठ तिने सगळ्यांना दिसेल अशी वर धरली होती. तरीही दोन क्षणांनी डॅशबोर्डवरच्या काट्यांमागे पिवळसर उजेड आला. पाठोपाठ रेडिओची पट्टी उजळली. उजेड मंद होता, पण संध्याकाळच्या त्या अंधुक गॅरेजमध्ये मागच्या रांगेलाही दिसत होता. मग तो विझला.

"आला," आई म्हणाली.

एका बाईने सिमेंटवरच गुडघे टेकले. आमच्या लोरायडर मंडळाचा, म्हणजे जुन्या गाड्या सजवून मिरवणाऱ्यांच्या मंडळाचा, अध्यक्ष नेस्तोर चर्चमध्येसुद्धा टोपी काढायला कुरकुर करतो. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

प्लासिदो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, घोट्यापर्यंत लांब पांढरा झगा घालून. "बंधूंनो, आत्मा म्हणजे काय? ऊर्जा. ऊर्जा म्हणजे काय? वीज. आणि वीज कधी मरते का? ती फक्त घर बदलते. आमादो आधी देहात राहायचा, आता बारा व्होल्टमध्ये राहतो." हा माणूस वर्षभरापूर्वी एस्पान्योला गावात दारोदार सोलर पॅनेल विकत हिंडायचा. भाषण तेव्हाही हेच होतं, फक्त आत्म्याच्या जागी सूर्य होता. तेव्हा कुणी दार उघडत नव्हतं. आता लोक घरून खुर्च्या घेऊन येत होते.

"आमादो, आईने त्या यंत्राकडे जावं का?"

अंधार.

"आई तुझ्याजवळ यावी असं वाटतं का तुला?"

डॅशबोर्ड उजळला. आई हसली. माझा भाऊ आमादो गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

ते यंत्र म्हणजे डायलिसिसचं. आईची मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास, तिचं रक्त ते यंत्र धुतं. ती गुरुवारी गेली नव्हती. हा शनिवार होता, आणि आजही ती गेली नव्हती. तिचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. मी केंद्रातल्या लुदिविना नर्सला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "एलॉय, मंगळवारी कसंही करून आण. दोन वेळा चुकल्या. तिसरी चुकली तर पुढचं मी फोनवर बोलणार नाही."

"उचलून आणू का?"

"शुद्धीवरच्या माणसाला जबरदस्तीने सुई लावता येत नाही. तिने हो म्हणायला हवं."

आणि ती हो म्हणणार नव्हती, कारण तिचा थोरला मुलगा गाडीतून नाही म्हणत होता. वर प्लासिदोने जाहीर केलं होतं की मंगळवारी संध्याकाळी आमादो शेवटचं बोलेल. त्यानंतर गाडी त्याच्या प्रार्थनाघरात ठेवायची, म्हणजे त्याच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि कागदांवर आईने सही करायची.

गाडीचं सांगायला हवं. चौसष्ट सालची इम्पाला. आम्ही दोघा भावांनी मिळून उभी केली. जमिनीला टेकेल एवढी खाली येते, बटण दाबलं की पंप तिला उचलतो. आमच्या खोऱ्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं: कुणी गाद्या शिवतो, कुणी पंप बसवतो. मी रंगारी. वायरिंग आमादोचं. त्याने सगळी गाडी एकाच लाल तारेने वायर केली होती, कारण लाल तारेचं भलंमोठं भेंडोळं त्याला कुठूनतरी स्वस्तात मिळालं होतं. मी म्हणायचो, "अरे, नकाशा तरी काढून ठेव." तो कपाळावर बोट आपटायचा आणि म्हणायचा, "इथे आहे."

फेब्रुवारीत कामाच्या ट्रकमधून येताना महामार्गावरच्या बर्फात तो गेला. नकाशाही गेला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याची गाडी त्याच्या आठवणीसाठी नव्याने रंगवतात. मी चाळीस दिवस गॅरेजबाहेर आलो नाही. गाडी सुटी केली, आणि काचेसारख्या चमकणाऱ्या लाल रंगाचे नऊ हात दिले. डिकीच्या झाकणावर आमादोचा चेहरा काढला. जिथे कुणाचीही नजर जाणार नाही तिथेही रंग दिला. मी रडलो नाही, रंगवत राहिलो.

एप्रिलमध्ये गाडी जोडून झाली, आणि आई संध्याकाळी तिच्यात जाऊन बसू लागली. ड्रायव्हरच्या सीटवर, आमादोच्या जागी. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली. मी धावत गेलो. किल्ली नव्हती, आणि डॅशबोर्ड उजळलेला. मी भुतंखेतं मानत नाही, पण त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला. मी बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, दिव्यांचं बटण बदललं. डॅशबोर्डखाली आडवा होऊन, पाय दाराबाहेर टाकून, टॉर्च घेऊन तासन्‌तास त्या लाल तारा बघितल्या. मी बघत असलो की काही नाही. आई बसली की उजेड.

"तो तुझ्याशी नाही बोलत," आई म्हणायची. ती हे प्रेमाने म्हणायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे कशामुळे होतं ते मला माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची मला लाज वाटली. मी गप्प बसलो. महिन्याभरात ही गोष्ट प्लासिदोच्या कानावर गेली. तो आला, आईला उठवून तिच्या सीटवर जरा वेळ एकटाच बसला, आणि बाहेर आला तो बंधू होऊनच.

तर त्या शनिवारच्या रात्री मी आमच्या छंदवाल्यांच्या ऑनलाइन गटावर प्रश्न टाकला: बंद गाडीत डॅशबोर्ड उजळतो, काय करू? सकाळपर्यंत दोनशे चौदा उत्तरं आली. बॅटरी बदल. फ्यूज बदल. सगळं वायरिंग उपटून टाक. गाडी मला वीक. एकाने लिहिलं, "माझ्याही गाडीत असंच व्हायचं, मग मी घटस्फोट घेतला." त्याला सगळ्यात जास्त पसंती होती.

सोमवारी फोन सुरू केले. सांता फेच्या दुकानातला म्हणाला, "कारखान्यातून आली तशीच आहे ना?"

"नाही, बदल केलेत. पंप आहे, जादा बॅटऱ्या आहेत."

"वायरिंग कुणी केलं?"

"भावाने."

"मग भावालाच विचारा की."

"तो वारला."

चांगला माणूस असावा. "दादा, वाईट वाटलं. पण दुसऱ्याच्या हातचं वायरिंग मी उघडत नाही. एक तार हलवली की दहा गोष्टी बिघडतात, आणि मग सगळ्यांचं खापर माझ्या माथी." अल्बुकर्कीच्या दोन ठिकाणी हेच ऐकलं. एकाने सप्टेंबरमधली तारीख दिली. मी म्हटलं, मला उद्यापर्यंत हवंय. तो म्हणाला, गाडी कुठे पळून चाललीय का? गाडी नाही, आई चाललीय, असं सांगताना माझा आवाज फुटला, आणि त्याला वाटलं मी प्यायलोय. त्याने फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी आईने टॉर्टिया ताटात तसाच ठेवला. तिला दम लागत होता. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. मी तिच्या पाया पडलो. "आई, आजच्या दिवस चल. मग हवं तर रोज गाडीत बस."

"पोरा," ती म्हणाली, "संध्याकाळी तो... शेवटचं बोलणार. मी कशी जाऊ?"

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. नेस्तोर कुंपणाशी उभा होता. तो भक्त झाला होता, पण आईचा श्वास त्यालाही ऐकू येत होता. "ट्रुहियोबाईंना विचारलंस का?" तो म्हणाला. "कॉलेजात वायरिंग शिकवतात त्या. आधी सैन्यात हेलिकॉप्टरवर होत्या. परगण्यातल्या सगळ्या रुग्णवाहिका त्याच बघतात. लोकांच्या गाड्या घेत नाहीत म्हणा."

बर्निस ट्रुहियो कॉलेजच्या कार्यशाळेत एका रुग्णवाहिकेच्या बॉनेटमध्ये वाकल्या होत्या. साठीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात. मी गाडी म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "नाही घेत."

"बाई, माझी आई मरतेय."

त्यांनी हात पुसले आणि उलटं ठेवलेलं खोकं माझ्यापुढे सरकवलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही आत्म्याबद्दल विचारलं नाही. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. उजेड येतो तेव्हा कुठल्या सीटवर कोण असतं? तुम्ही बघता तेव्हा तुमचे पाय कुठे असतात? गाडीची मागची बाजू कुणी बघितली?

"मागे भिंत आहे. शिवाय बंधूने तिकडे घोंगडी टाकायला लावलीय. आमादोच्या चेहऱ्याकडे लोकांनी टक लावून बघू नये म्हणून."

"दिवे झाकले जातात त्या घोंगडीने?"

"झाकले जातात."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचं काम काय केलं?"

"काहीच नाही. म्हणजे, वायरिंगला हात नाही लावला. रंग दिला फक्त."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे, बाई."

"सगळीकडे म्हणजे? जिथे धातूला धातू टेकतो तिथेही?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता याचंच मला भय वाटलं. "चला," त्या म्हणाल्या, आणि खणातून एक लहान बल्ब आणि चिमटे लावलेल्या दोन लांब तारा घेतल्या. बाकी हत्यार काही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गॅरेज भरलं होतं. आई शेजारच्या सीटवर, किल्ली मुठीत, ओठ निळसर. तिच्या मांडीवर गाडीचे कागद आणि पेन. प्लासिदो म्हणत होता, "प्रेम म्हणजे प्रवाह, बंधूंनो, आणि प्रवाहाला अडवू नये."

बाई गर्दीतून पुढे गेल्या आणि आईच्या खिडकीशी वाकल्या. "इसाऊराबाई, मी बर्निस. मी मागे उभी राहून बघितलं तर चालेल? तुमचा मुलगा असेल तर माझ्या बघण्याने जाणार नाही."

आईने मान हलवली. प्लासिदो काही बोलायच्या आत बाईंनी घोंगडी उचलली होती. "विचारा, बंधू."

त्याला विचारावंच लागलं. चाळीस माणसं बघत होती. "आमादो, तू आहेस का?" डॅशबोर्ड उजळला, आणि गाडीमागून बाईंचा वर्गात शिकवतात तसा आवाज आला, "नेस्तोर, इकडे येऊन काय दिसतं ते मोठ्याने सांगा."

नेस्तोर गेला. "मागचे लाल दिवे लागलेत. मिणमिणते. आता विझले."

"पुढचा उजेड कधी विझला?"

"त्याच वेळी," पुढचे चार-पाच जण म्हणाले.

"ब्रेक दाबला की मागे लाल दिवे लागतात. जुन्या गाडीत त्याला किल्ली लागत नाही. हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. बंधू, आता सीटवर मांडी घाला आणि पुन्हा विचारा."

"आत्म्याची परीक्षा घेऊ नये," प्लासिदो म्हणाला.

"परीक्षा तुमच्या पायांची आहे," नेस्तोर म्हणाला. त्याने टोपी परत डोक्यावर चढवली होती. "घाल मांडी."

प्लासिदोने मांडी घातली. त्याने विचारलं. एकदा, दोनदा, मग विनवून. डॅशबोर्ड काळा राहिला. तो म्हणाला, अविश्वासी बाईमुळे प्रवाह दूषित झालाय. मग म्हणाला, घसा कोरडा पडलाय, आणि झगा सावरत उतरला. तो पाण्याच्या शोधात गेला तो त्या संध्याकाळी परत आला नाही.

मला वाटलं, संपलं. पण आईने नकारार्थी मान हलवली. "तो लबाड असेल," ती म्हणाली. "पण त्याच्या आधीपासून... आमादो माझ्याशी बोलतो. मी काहीच... करत नव्हते."

बाईंनी आणि मी तिला हळूच ड्रायव्हरच्या सीटवर सरकवलं. "तुम्ही रोज बसता तशा बसा," बाई म्हणाल्या. आई बसली. तिचे थकलेले पाय आपोआप उचलले गेले आणि टेकायला जागा शोधत ब्रेकच्या पेडलवर विसावले. डॅशबोर्ड उजळला.

आईने खाली पाहिलं. पाय काढला. अंधार. पाय ठेवला. उजेड. ती हे पुन्हा पुन्हा करत राहिली.

मग बाईंनी डिकी उघडली. मागच्या दिव्यांच्या पत्र्याला त्यांनी एकेक चिमटा लावला, डावीकडे आणि उजवीकडे, आणि दोन्ही तारांची दुसरी टोकं बॅटरीच्या ऋण बाजूला. "आता दाबा."

आईने दाबलं. डॅशबोर्ड काळा. मागची सगळी भिंत लालभडक झाली.

"शेतात पाटाचं पाणी घेता ना तुम्ही?" बाई लोकांना म्हणाल्या. "पाणी आत आलं की त्याला बाहेर पडायला वाट लागते. पुढचं तोंड बुजलं तर ते बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात शिरतं. विजेचंही तेच. या दिव्यांतली वीज गाडीच्या पत्र्यातून परत जाते. दिवा जिथे पत्र्यावर बसतो तिथे नऊ हात रंग आहे. वाट बंद. मग ती त्याच दिव्यातल्या दुसऱ्या तारेतून उलटी फिरते आणि डॅशबोर्डच्या दिव्यांतून बाहेर पडते. म्हणून तिथे उजेड, तोही मंद. आता मी तिला सरळ वाट दिली."

"रंग," आई म्हणाली, आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"माझा रंग, आई. दिव्यांच्या खोबणीतही मीच दिला. आमादो असता तर त्याने आधी पत्रा घासायला लावला असता. मला ते ठाऊक नव्हतं. चूक माझी."

"मग तो कुठे आहे?"

चाळीस माणसांसमोर मला ते म्हणावं लागलं. "कब्रस्तानात, आई. आपणच त्याला तिथे ठेवलं."

तिने किल्ली माझ्या हातात दिली. उठायचा प्रयत्न केला, आणि पाय साथ देईनात तेव्हा माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "ने मला."

तिला बाईंच्या पिकअपमध्ये बसवलं, नेस्तोरही चढला. केंद्र बंद झालं होतं म्हणून थेट हॉस्पिटल गाठलं. मागे आमादोची गाडी तशीच उघडी. वाटेत नेस्तोर माझ्या कानाला लागला, "एलॉय, असं तर नसेल ना, की आत्म्याने तुझ्या रंगाचाच उपयोग करून घेतला?"

बाई गाडी चालवत होत्या. "असेल," त्या म्हणाल्या. "पण मग दोन तारांनी पळून जाणाऱ्या आत्म्याच्या सांगण्यावरून या बाईंनी मरावं का, ते तुम्ही मला सांगा."

नेस्तोरने टोपी काढली आणि तिने आईला वारा घालू लागला.

डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत हृदय थांबलं असतं. त्यांनी रात्रीच यंत्र लावलं. गुरुवारी आई केंद्रातल्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती, आणि तिसऱ्या तासाला एकाएकी रडू लागली. लुदिविना धावत आली, कुठे दुखतंय म्हणून. आई म्हणाली, "माझा मुलगा गेला." लुदिविनाला वाटलं आत्ताच कुणी गेलं. मी सांगितलं, फेब्रुवारीत. आई उरलेला सगळा वेळ रडली. मी तिचा मोकळा हात धरून बसलो, आणि चाळीस दिवसांत जे मला जमलं नव्हतं ते तिथे मलाही जमलं.

गावात आता लोक म्हणतात, एलॉयने म्हातारीचा आधार काढून घेतला. ती बिचारी सुखात होती, तिला कशाला सांगायचं? मी त्यांना विचारतो, मंगळवारच्या रात्री ती त्या सुखातच मेली असती, तेव्हा तिच्या दाराशी तुम्ही कुठलं तोंड घेऊन आला असता? बहुतेक जण विषय बदलतात.

आमादोने आमच्याशी बोलावं असं मलाही वाटायचं. अजूनही वाटतं. असं वाटण्यात काही चूक नाही. पण घरात न उमगणारं काही घडलं तर त्यापुढे हात जोडण्याआधी, त्या वस्तूला शेवटचं काम काय केलं ते आठवा. कुणाचा पाय कुठे आहे ते बघा. ज्याला ते काम कळतं अशा माणसाला गाठा, तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला, दहावा नाही म्हणाला तर अकराव्याला. आणि तोवर घरच्यांना मोठ्याने सांगा की मला माहीत नाही. मी ते एवढंसं वाक्य महिनाभर गिळून बसलो, आणि माझ्या आईच्या शेजारची ती रिकामी जागा मी प्लासिदोला मोकळी करून दिली.